जावईबापूंचं रान

मी सुतार. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना एकच शब्द देत आलो : माझ्या लाकडाला कीड लागली तर मिशी उतरवीन. मिशीही तशी भरघोस, त्यामुळे लोकांचा विश्वास बसायचा.

जावयाला किड्यांचे फोटो काढायचा नाद. आठवडाभर कचेरीत मान खाली घालून बसणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी पोटावर पडून मुंग्यांमागे सरपटायचा. लेकीला लग्नात मी करून दिलेल्या टेबलावर त्याच्या लेन्स मांडलेल्या असत.

"बाबा," तो एकेक लेन्स दाखवत म्हणाला, "ही लांबूनच टिपते. किडा बुजत नाही, पण मागचं सगळं पुसून जातं. ही रुंद. हिला अगदी नाकाला नाक लागेल इतकं जवळ न्यावं लागतं, पण किड्याबरोबर त्याचं घरही दिसतं."

"आणि ही मोठी?"

"ती महागाची. म्हणून वापरत नाही."

"माझ्याकडे कधी इतक्या जवळून बघितलं नाही," आतून मुलगी म्हणाली.

"तू हलतेस," जावई म्हणाला.

मग स्पर्धा निघाली. अट अशी, की किडा त्याच्या रानातच टिपलेला हवा. जावयाने दोन दिवस रजा टाकली, रानात जाऊन आला. चावले पुष्कळ, फोटोसाठी थांबला एकही नाही. तरी पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं.

प्रदर्शनात मी मिशीला तेल लावून गेलो. दाराएवढा फोटो. खाली लिहिलं होतं : 'गर्द अरण्यातील जीर्ण वृक्षावर भुंगेरा. रुंद लेन्स.' परीक्षक सांगत होते, "किडा सोडा, खोड बघा. माणसाचा हात न लागलेलं लाकूड."

मी खोड बघितलं. भुंगेऱ्याच्या मागे पटाशीने मारलेल्या तीन तिरक्या रेघा होत्या. प्रत्येक टेबलाच्या पायाला, आतल्या बाजूने, मी त्या मारतो. माझी सही. रेघांशेजारी भोक, आणि भोकाखाली पिठासारख्या भुशाची रास.

जावई माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं असतं तर त्याचं बक्षीस गेलं असतं, आणि माझी मिशी.

तेवढ्यात शाळेचे हेडमास्तर आले. तीस बाकांचं काम त्यांनी कालच मला सांगितलेलं.

"काय मिस्त्री, कुठलं हो हे लाकूड?"

"रानातलं," मी म्हणालो. "आपल्याकडे असला माल नसतो."

"आणि या तीन रेघा?"

जावई सरकत सरकत रेघांसमोर येऊन उभा राहिला.

"अस्वलाची नखं," मी म्हणालो.

"तेच म्हणतो मी," परीक्षक म्हणाले, आणि त्यांनी वहीत लिहूनही घेतलं. भुंगेरा गव्हाच्या दाण्याएवढा, तीन रेघा मिळून त्याच्या दुप्पट. अस्वल केवढं असेल, हे कोणी विचारलं नाही.

जावयाबरोबर त्याच्या घरी आलो तर मुलीने टेबल उलटं करून ठेवलं होतं. हातात फडकं आणि कीड मारायचं औषध. जावई चपला काढायच्या निमित्ताने दारातच रेंगाळला.

"बाबा," ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "कात्री देऊ?"

"आधी जावईबापूंना बक्षीस परत करू दे."

याला आता आठ महिने झाले. बक्षीस भिंतीवर आहे. मिशीही आहे. मी गेलो की मुलगी बक्षीस पुसते, आणि पुसता पुसता माझ्या मिशीकडे बघते.