जाहिरातीतला डावा पाय

प्रायर नावाचा एक गृहस्थ दारात उभा राहिला, तेव्हा मी जाळीचं दार उघडलं नाही. मागच्या वर्षी असाच एक गोडबोल्या आला होता. माझी कॉफी प्यायला, प्रदर्शनात मांडतो म्हणून माझ्या मुलाचे, रोहेलिओचे, जुने स्केटबोर्ड घेऊन गेला, आणि अजून फिरकलेला नाही.

"जुन्या मासिकांतल्या स्केटबोर्डच्या जाहिरातींचं पुस्तक काढतोय, सेन्योरा. तुमच्या मुलाला एक अख्खं पान द्यायचंय," तो जाळीतून म्हणाला.

"द्यायचंय की न्यायचंय?"

तो हसला. त्याचं हसणं मला आवडलं नाही, पण अख्खं पान म्हटल्यावर आईचा हात कडीकडे जातोच.

ती जाहिरात आमच्या बैठकीत ग्वादालुपे मातेच्या तसबिरीशेजारी लटकते. शहाऐंशी सालची. रिकाम्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर माझा रोहेलिओ हवेत, एक हात बोर्डाला, हेल्मेट भुवयांपर्यंत, तोंडावर सावली. खाली ठळक अक्षरात नाव: रोहेलिओ मोंतिहो. ही छापून आली आणि ब्रासा या स्केटबोर्ड बनवणाऱ्या कंपनीने त्याच्या नावाचा बोर्ड काढला, त्याला जपानला नेलं. आमच्या लोगन हाइट्स वस्तीतल्या ज्या बायका त्याला उनाड म्हणायच्या, त्यांना एकेकीला घरात बोलावून मी हे चित्र दाखवलंय.

प्रायर चित्राकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होता.

"रोहेलिओ कुठला पाय पुढे ठेवायचा?"

"उजवा. शेंबडा होता तेव्हापासून. का?"

लिहायचा हात ठरलेला असतो तसा या पोरांचा पुढचा पाय ठरलेला असतो. एवढं तर मला ठाऊक आहे. मी चित्राकडे वळले. पुढे डावा पाय होता. इतकी वर्षं यावरची धूळ पुसतेय मी, आणि पाय बघितला नव्हता.

"त्या काळी पानात बसवायला फोटो आरशातल्यासारखा उलटा छापायचे," तो हळूच म्हणाला. "मग उजव्याचं डावं दिसतं."

"मग झालं तर!" मी म्हटलं. पण शेंडी लावणाऱ्या माणसाचा आवाज मी ओळखते. हा मला काहीतरी बघायला लावत होता. मी चष्मा लावला. सदऱ्याच्या छातीवर कंपनीचं नाव होतं. तो सदरा मी हाताने धुतलाय. शाळा मी फार शिकले नाही, पण तेवढी अक्षरं मला येतात, आणि ती सरळ होती. फोटो उलटा छापला असता तर अक्षरंही उलटी दिसली असती.

"तुला हे आधीच माहीत होतं," मी म्हटलं. 'तुम्ही' तिथेच संपलं.

"शंका होती. घरच्यांकडून ऐकायचं होतं."

"चोरासारखं?"

तेवढ्यात रोहेलिओ जेवायला आला. आता तो लोकांच्या पोहण्याच्या तलावांना गिलावा करतो. केसांत पांढरी भुकटी, पंचावन्न वर्षांचा घोडा. आम्हा दोघांना चित्रासमोर बघून तो उंबऱ्यातच थांबला, आणि माझा संशय प्रायरला सोडून त्याच्याकडे गेला.

"ये इकडे. हा पाय कुणाचा?"

"आई, बीन्स करपतायत."

"करपू देत. कुणाचा?"

"डेलचा," तो म्हणाला.

डेल हचिन्स. त्याचा स्केटबोर्डवरचा जोडीदार. माझ्याच घरी जेवून वाढलेला.

"माझं मनगट सुजलं होतं. पान छापायला जाणार होतं. फोटोवाला म्हणाला, हेल्मेटमध्ये कोण ओळखतंय? डेलने माझा सदरा घातला. मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी तुझं नाव. पुढची वेळ आलीच नाही त्याची."

"आणि तो इथे, याच भिंतीखाली बसून माझे तमाले खायचा?"

"हो."

"'मस्त फोटो आहे, मावशी' म्हणायचा!"



प्रायरने घसा साफ केला. "तुमच्या नावाचा बोर्ड तर खराच निघाला होता. हवं तर मी आहे तसंच छापतो. चित्राखाली कुणाचं नाव घालू?"

रोहेलिओने माझ्याकडे बघितलं. लहानपणी खिडकी फोडून आल्यावर बघायचा, अगदी तसं. मी 'राहू दे' म्हणेन, याची वाट बघत होता. आणि खरं सांगते, शब्द ओठावर आला होता.

"माझं तोंड काय बघतोस? पाय माझा आहे का?"

त्याने टोपी काढली. "डेल हचिन्स घाला," तो म्हणाला. "का, तेही लिहा. मी सांगतो."

प्रायर लिहीत बसला. माझा अजून त्याच्यावर विश्वास नव्हता.

"वाच," मी म्हटलं. "मोठ्याने."

त्याने वाचलं. चित्राखाली डेलचं नाव होतं, रोहेलिओचं नव्हतं. मी पुन्हा वाचायला लावलं.