बापूसाहेबांची कोरडी पिकदाणी

मी एक जुनी पितळी पिकदाणी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. मुरडायचेच झाले तर तो हक्क माझा. भल्याभल्यांची तोंडे आतून पाहिली आहेत मी.

एका कासाराच्या भट्टीपाशी माझा जन्म झाला. माझ्याबरोबर घडलेला तांब्या देवघरात गेला, घंगाळ न्हाणीघरात गेले आणि मी अमरावतीला बापूसाहेब वकिलांच्या बैठकीत आले. तांब्याला माझी कीव येई. पण देवघरात रोज ऐकायला काय मिळते? माझ्या कानांवर रोज नवे भांडण पडे. कधी बांधाचे, कधी वाटणीचे, कधी दत्तकाचे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. बापूसाहेबांना काळी जमीन होती, पण त्यांचे खरे वावर म्हणजे त्यांची जीभ. अशील गाऱ्हाणे सांगत असता ते डोळे मिटून पान चघळत. मग माझ्या पोटात टण्ण आवाज होई आणि त्यानंतरच सल्ला बाहेर पडे. टण्ण वाजले नाही, तर अशिलाला सल्ला कच्चा वाटे. अकोल्याहून आलेली माणसेसुद्धा आधी मला पाहत, मग वकिलांना रामराम करीत.

पन्नाशी उलटली आणि माझे टण्ण थांबले.

आधी मला वाटले, यांनी पान सोडले. पान चालूच होते. पाणी सुटत नव्हते. जीभ टाळूला चिकटून बसे. ज्वारीची भाकर तोंडात भुशासारखी फिरे. ठेच्याने डोळ्यांत पाणी येई, तोंडात येत नसे. प्रत्येक घास पाण्याने ढकलावा लागे. ओठ चिरले, दाढा किडून गेल्या. कोर्टात ऐन भरात आलेले वाक्य मध्येच अडके आणि त्याला जणू तहकुबी मिळे. तोंडाला वास येत असेल या धास्तीने ते माणसांपासून हातभर दूर बसू लागले.

वैशाखात तर अख्ख्या वऱ्हाडाचे तोंड कोरडे पडते, म्हणून त्यांनी मनावर घेतले नाही. पण पौषात घोंगडी पांघरून बसले असतानाही तेच, तेव्हा डॉक्टरांना विचारले. डॉक्टर म्हणाले, "पाणी प्या." वैद्यांनी आवळा चोखायला दिला. चिरलेल्या ओठांनी तो आवळा कसा चोखला, ते मी पाहिले आहे.

घरात मात्र चकार शब्द नाही. वकिलाची जीभ वाळली हे गावाला कळले असते, तर पक्षकार दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वकिलाच्या पायरीवर दिसले असते.

"काहून जी, भाजी नाई आवडली?" त्यांच्या पत्नी, पार्वताबाई विचारत. "पान्यानंच पोट भरून राहिले तुमी!"

"आवडली," बापूसाहेब म्हणत. पंगतीचे बोलावणे आले की पोट बिघडल्याचा निरोप जाई. त्या निरपराध पोटाची गावभर बदनामी झाली.

त्याच सुमारास त्यांच्या एकुलत्या मुलीची, शकुनची सोयरीक जमत आली. मुलगा अंजनगाव सुर्जीच्या खुशालरावांचा, नारायण. तो एकदा येऊन गेला होता. पिकदाणीच्या उंचीवरून दाराआडचे फक्त पाय दिसतात. त्या दिवशी शकुनचे पाय तो उठेपर्यंत जागचे हलले नव्हते.

खुशालरावांचे पानमळे होते. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की त्यांनी आपल्या मळ्यातल्या पानाचा विडा द्यायचा आणि मुलीच्या बापाने तो सर्वांदेखत खायचा. विडा खाल्ला की शब्द पक्का.

"घ्या, बापूसाहेब. आज सकाळीच खुडलं," बोलणी पक्की करायला आलेले खुशालराव म्हणाले. "तोंडात टाकलं का लोनी होते का नाई, पाहा."

बापूसाहेबांनी विडा तोंडात घातला. सारी बैठक त्यांच्या गालाकडे पाहत होती. जबडा हलला. चुना झोंबला, पान गालाला चिकटले, रस काही सुटेना. विड्यावर पाणी मागणे म्हणजे अपमान. घाम तेवढा सुटला. शेवटी उपरण्याचा पदर आड धरून ते माझ्यावर वाकले आणि तो विडा त्यांनी हळूच आत ठेवला. टण्ण वाजायची माझी फार इच्छा होती. पण कोरड्या विड्यावर कोण वाजणार?

मागोमाग खुशालराव थुंकायला वाकले आणि तसेच थांबले. विड्याची घडीसुद्धा पुरती मोडली नव्हती; लवंग तेवढी सैल झाली होती.

"बापूसाहेब, हे काय होय जी?"

तोंड कोरडे पडते. एवढे तीन शब्द पुरे होते. बापूसाहेबांनी जीभ टाळूपासून सोडवली, तिचा टक् आवाज मी ऐकला. पण जीभ वकिलाची होती. तिने नेहमीप्रमाणे दोष दुसऱ्या पक्षावर ढकलला.

"पान जरा निबर होतं."

"निबर? माह्या मळ्याचं पान निबर?"

"अवो, एखांदं निंगते," मध्यस्थ नत्थुजी घाईने म्हणाले.

"मंग पोरगाबी एखांदा निबर निंगन! चाला नत्थुजी, बैल जुपा."

दाराआडचे पाय सावकाश आत गेले.

पुढच्या वर्षी शकुनला चांदूर बाजारच्या एका बिजवराला दिले. बापूसाहेबांनी पान सोडले, मग कोर्ट, मग बोलणे. माझ्यात पालीने अंडी घातली; तेवढाच काय तो संसार.

बऱ्याच वर्षांनी शकुन माहेरी आली. बापाला दात उरले नव्हते, म्हणून तिने हौसेने पान खलबत्त्यात कुटून दिले. "घ्या बाबा. मी लहान असतानी तुमी मले विड्यातलं खोबरं देत होते."

तिचे मन मोडू नये म्हणून त्यांनी घेतले. थोड्या वेळाने ते माझ्यावर वाकले. शकुनने आत पाहिले. कुटलेले पान जसेच्या तसे होते.

"बाबा, तुमच्या तोंडाले पानीच सुटत नाई?"

त्यांनी मान हलवली.

"कवापासून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. शकुनला उत्तर कळले.

"मंग तवा ते पान... निबर नवतं?"

बापूसाहेबांनी घोटभर पाण्याने जीभ ओली केली.

"कवळं होतं," ते म्हणाले. "लोन्यावानी."

शकुन रडली नाही, रागावलीही नाही. तिने मला उचलले, परसात नेऊन झटकले आणि पुन्हा जागेवर ठेवले. दुसऱ्या दिवशी तिला न्यायला सासरहून बैलांची दमणी आली.

आता बापूसाहेब नाहीत. मला चिंचेने घासून शोभेला ठेवले आहे. येणारे म्हणतात, केवढी स्वच्छ पिकदाणी! स्वच्छ राहायला मला काहीच करावे लागले नाही.

मित्रांनो, पिकदाणीने उपदेश केलेला कोणाला आवडत नाही. तरी तुमच्या घरात कोणी मोठे माणूस घासागणिक पाणी पीत असेल, पंगत टाळत असेल, बोलता बोलता थांबत असेल, तर भाजी आवडली का, असे विचारू नका. तोंड कोरडे पडते का, असे विचारा. औषध मिळेल असे मी म्हणत नाही. बापूसाहेबांना मिळाले नाही. पण वेळेवर विचारले, तर निदान एखाद्या कोवळ्या पानावर आळ यायचा नाही.