मला कोंडू नका, शाकारा

मित्रांनो, मी सौदी अरेबियातल्या हुफूफच्या खजुराच्या बागेतलं एक जुनं दगडी घर आहे. आमिनाबाईंच्या आजोबांनी मला बांधलं. दगडी भिंतींवर चुन्या-मातीचा गिलावा, खजुराच्या खोडांचे वासे आणि वर झावळ्यांचं छप्पर. बाहेर वाळू भाजून निघाली तरी आत माठातल्या पाण्यासारखा गारवा. दर वर्षी खजूर उतरवून झाला की सगळं कुटुंब मिळून मला नव्या झावळ्यांनी शाकारत असे. आमिनाबाई जन्मल्या त्या माझ्याच छपराखाली.

पुढे शेजारी एसीचा बंगला उभा राहिला. माझ्यात मोडके पंप आणि रिकामी खोकी येऊन पडली. शाकारणी थांबली, छप्पर गळू लागलं. शेवटी आमिनाबाईंच्या मुलानं ठरवलं, यंदाचा खजूर उतरला की घर पाडायचं आणि गाड्यांसाठी शेड घालायची. आमिनाबाईंनी तेवढीच मुदत मागून घेतली. दुरुस्त करून बघू, नाही टिकलं तर मी अडवणार नाही, म्हणाल्या.

मुलाच्या ओळखीचे गिरीशभाऊ, मूळचे नाशिकचे, धाहरानला इंजिनियर. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते दुरुस्तीसाठी पत्नीला, दमयंतीताईंना घेऊन आले. माणूस मनानं फार चांगला. त्यांनी भिंतींना सिमेंटचा गुळगुळीत गिलावा करवून घेतला, छपरावर प्लास्टिक ताणलं. मी नवरीसारखं दिसू लागलं, पण खरं सांगू का, माझा जीव कोंडला. बागेतल्या पाटाची ओल माझ्या दगडांत चढते. तिला बाहेर पडायला वाटच उरली नाही. दोन महिन्यांत भिंतींवर मिठाचा पांढरा थर आला, पोपडे पडू लागले.

मुलगा म्हणाला, "खलास. आता पाडू."

आमिनाबाई जपमाळ ओढत राहिल्या. दमयंतीताईंनी माझ्या भिंतीला हात लावून पाहिला.

"अहो, याला घाम येतोय आणि तुम्ही याला रेनकोट घातलाय. आमिनाबाईंना विचारलं होतं का काही?"

"मापं घेतली होती," गिरीशभाऊ पुटपुटले.

मग ताईच आमिनाबाईंजवळ जाऊन बसल्या. बागेतल्या हिंदुस्थानी गड्यांमुळे आमिनाबाईंना हिंदी येई. आजोबा हे कसं करायचे, असं ताईंनी हिंदीत विचारलं. म्हातारीचे डोळे भरून आले. "अब तक किसी ने पूछा नहीं, बेटी."

त्यानंतरचे सगळे शुक्रवार माझे झाले. सिमेंट खरवडून निघालं, प्लास्टिक उतरलं. माती, चुना आणि भुसा पायांनी तुडवला गेला. आमिनाबाई खुर्चीवर बसून काठीनं दाखवत आणि गुडघाभर चिखलातल्या गिरीशभाऊंना चिडवत, यल्ला, चल इंजिनियर, अजून तुडव.

खजूर उतरला. छाटलेल्या झावळ्यांचा ढीग पडला. इतकी वर्षं तो जाळून टाकत. मुलगा माझ्यापाशी आला, त्यानं भिंतीवर तळहात फिरवून पाहिला. भिंत कोरडी होती. मग तो गड्यांना म्हणाला, "जाळू नका. छपराला लागतील."

मित्रांनो, जुन्यांची सेवा जरूर करा, देव तुमचं भलं करील. पण हात लावण्याआधी घटकाभर जवळ बसा आणि काय हवं ते विचारा. मी आज उभं आहे ते त्या एका प्रश्नामुळे. आत्ता मुलगा शिडीवर आहे, आणि खालून त्याची आई सांगते आहे, कडेपासून सुरुवात कर, बाळा.