फुकट नव्हे, मुक्त

"म्हणे फुकट ते पौष्टिक. माझ्या कॉम्प्युटरचीच परीक्षा बघायची होती हिला," थोरली पुटपुटली. स्वतःशीच, पण धाकटी तिच्या गुडघ्यापाशी, टेबलाखाली तारांच्या गुंत्यात डोकं घालून बसली होती. तिला शब्दन् शब्द ऐकू आला.

"फुकट नव्हे गं ताई, मुक्त," टेबलाखालून उत्तर आलं.

हा एक शब्द दुरुस्त करता करता धाकटीने अख्खा गोतावळा पालथा घातला होता. छापखान्यात पुस्तकांची पानं लावायचं तिचं काम. तिथल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला नवी सिस्टिम पेलवेना, तेव्हा तिने स्वतःच धडपडत त्यावर लिनक्स नावाची दुसरी, हलकी सिस्टिम चढवली आणि तो तरण्याताठ्यासारखा धावायला लागला. तेव्हापासून बाईचे पाय जमिनीवर नव्हते. भावाला गाठलं, वहिनीला पटवलं, शेजारच्या शिंप्यालाही सोडलं नाही. ही सिस्टिम कुणा एकाच्या मालकीची नाही. उघडून बघा, बदला, खुशाल दुसऱ्याला द्या, हे ती इतकं घोकायची की घरात तिचं नाव पेंग्विन पडलं. लिनक्सचं चिन्ह पेंग्विन, आणि उत्साहात आली की तिची चालही तशीच.

राहिली होती एकटी थोरली. तिथे मात्र गाडं वेगळ्याच कारणाने अडलं होतं.

आईच्या आजारपणात दोघींचं असं काही वाजलं होतं की पुढे कित्येक वर्षं एकमेकींच्या दाराशी फिरकल्या नाहीत. मग एका रविवारी थोरलीचा फोन आला. कॉम्प्युटर बंद पडलाय, येतेस का? धाकटी गेली. मागची एक तार निघाली होती, ती बसवली. पुढच्या रविवारी पुन्हा तीच तार. तार आपली आपण निघत नाही हे धाकटीला कळत होतं, आणि तिला कळतंय हे थोरलीलाही. भाऊ तर गालातल्या गालात हसायचा. पण तोंडातून ब्र कुणी काढत नव्हतं. रविवारचं सगळं येणंजाणं त्या एका तारेला टांगलेलं. लिनक्स चढवून त्याला उगाच हात कोण लावणार?

पण गेल्या आठवड्यात कॉम्प्युटर खराच बिघडला. थोरली साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचायची. रचून झालेलं कोडं त्याने गिळलं आणि ढेकरही दिला नाही. तेव्हा कुठे ती कुरकुरत का होईना, लिनक्सला तयार झाली.

धाकटी टेबलाखालून बाहेर आली, हात झटकले, बटण दाबलं. पडदा उजळला आणि थोरली चष्मा सावरत पुढे झुकली. सगळं मराठीत होतं. ती एकेक शब्द मोठ्याने वाचत सुटली आणि एके ठिकाणी थबकली. कोपऱ्यातला एक लहानसा प्रोग्रॅम मिटायचा तर तिथे लिहिलं होतं, "खाली बंद करा".

"हे कुठल्या शहाण्याने लिहिलं? बंद करायला खाली कशाला उतरायचं?"

"कुणीतरी 'शट डाउन'चं शब्दाला शब्द ठेवून मराठी केलंय. मग तू सुधार की."

"मी?"

"मुक्त म्हणजे तेच ना ताई. योग्य शब्द सुचव, आपण पाठवू. ही सिस्टिम मराठीत आणणाऱ्या लोकांना पटला तर तो सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर जाईल."

थोरलीचे डोळे असे चमकले की धाकटीला ती एकदम शाळेतली, दोन वेण्यांतली दिसली. खुर्ची ओढून ती जी बसली ती उठेचना. हा शब्द कसा, तो शब्द असा का? दोघी एकाच कळफलकावर हात मारत होत्या, भांडत होत्या, हसत होत्या. चहा केव्हाच गार झाला होता.

मग थोरलीचा हात थांबला.

"हा आता बिघडायचा नाही म्हण."

"सहसा नाही," धाकटी म्हणाली, आणि आपण आज जिंकलो की हरलो ते तिला कळेना. तिची नजर नकळत त्या तारेकडे गेली. थोरलीचीही तिथेच होती.

"तार मीच काढायचे," थोरली म्हणाली. "नुसतं ये म्हणायला जीभ रेटत नव्हती गं. आता काही बिघडलं नसलं तरी येत जा. अशीच. फुकट."