बाहेरची कडी

ग्लेनिसने खोलीच्या दारावरून बोट फिरवलं आणि ते एका जागी थबकलं. दाराच्या बाहेरच्या अंगाला, रंगाखाली, पुट्टी भरून बुजवलेली चार भोकं होती.

"इथं कडी होती?"

मॅव्हिसने हातातल्या फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

समितीच्या वतीने घर तपासायला आलेल्या ग्लेनिसची ही तिसरी आणि शेवटची भेट. क्लिफर्ड पंचावन्न वर्षांचा, गतिमंद, सगळा जन्म संस्थांत गेलेला. तो दिवसा ज्या केंद्रात यायचा, तिथं मॅव्हिस स्वयंपाक करायची. आता तिला त्याला घरच्या माणसासारखं आपल्याकडे ठेवायचं होतं. ग्लेनिस लिहील त्यावर समिती हो-नाही ठरवणार होती. पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचं पत्र, कागद कसे दृष्ट लागावी असे होते. आणि आता ही भोकं.

"माझा भाऊ, कॉलिन. क्लिफर्डसारखाच," मॅव्हिस म्हणाली. "पाहुणे आले की आई सांगायची, जा, कडी घालून ये. सात वर्षांची मी, स्टुलावर चढून घालायचे. शहाणी म्हणून बिस्किट मिळायचं."

"आणि तो?"

"आतून दार वाजवायचा. दोनदा, हळूच. मग त्याला इस्पितळात ठेवलं, तिथंच गेला बिचारा. पण दार अजून वाजतं, पोरी. रोज चहाच्या वेळेला."

हे कागदावर उतरलं तर समिती काय म्हणेल, ते ग्लेनिसला दिसत होतं.

"आता कडी आतून बसवलीय," मॅव्हिस घाईने म्हणाली. "लावायची की नाही, ते क्लिफर्ड ठरवेल. अडलंच तर बाहेरून खाचेत नाणं फिरवून उघडते. बघ ना."

ग्लेनिस आत गेली, तिने कडी लावून पाहिली. नवी कडी घट्ट होती, उघडताना सरकेना. तिने सहज दार वाजवलं. दोनदा.

बाहेरून मॅव्हिसचा आवाज आला, भलताच बारीक.

"आले, आले रे कॉलिन."

खाचेत नाणं खरखरलं. दार उघडलं तेव्हा मॅव्हिसचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"लिही," ती म्हणाली. "हेही लिही. या घरात लपवालपवी पुष्कळ झाली."

खाली स्वयंपाकघरात ग्लेनिसने फॉर्म उघडला. शेवटचा प्रश्न होता, येणाऱ्या माणसाला तुम्ही कितपत ओळखता?

"क्लिफर्डला चहात तीन चमचे साखर लागते. चौथा चोरून घालतो, आणि मी पाहिलं की डोळा मारतो मेला."

"आणि कॉलिनला किती लागायची?"

मॅव्हिसने बशीतला चमचा सरळ केला.

"त्याला कुणी विचारलंच नाही गं."

ग्लेनिसने दोन्ही उत्तरं जशीच्या तशी लिहिली. दाराचंही लिहिलं, काही न गाळता. मग शिफारशीच्या चौकटीत 'हो' लिहून तिने पेन खाली ठेवलं.

चहाची वेळ झाली होती. दोघी जिन्याकडे कान लावून बसून राहिल्या.