पोटातला पोचा

मी एक जुने ओगराळे आहे. लांब दांडा आणि पुढे खोलगट वाटी, म्हणजे मोठ्या पातेल्यातून पातळ पदार्थ वाढायचे साधन. मित्रांनो, तुम्ही मला कधीतरी पाहिले असेल, पण माझ्या पोटात डोकावले नसेल. कोणीच डोकावत नाही. माझा सारा संताप त्याचाच आहे.

कारखान्यात पोलादी पत्र्याची चकती यंत्राखाली दाबून माझी वाटी घडवली आणि दांड्यावर ठसा उमटवला : २५० मिलिलिटर. त्या ठशाचा मला फार अभिमान होता. तिथून मी थेट एका मोफत जेवणाच्या केंद्रात आले. दूरदेशीची एक संस्था तिथे धान्य पाठवी. शंभर लिटरच्या पातेल्यात धान्य, डाळ आणि भाज्यांचे घट्ट सूप शिजे. प्रत्येकाला एक ओगराळे, म्हणजे चारशे माणसे. गणित सरळ होते.

वाढणाऱ्या मावशीही सरळ होत्या. ओळखीचा म्हणून थेंब जास्त नाही, भांडखोर म्हणून थेंब कमी नाही. "मी तोंड बघत नाही, भांडं बघते," असे त्या म्हणत. खोड एकच. जेवण तयार झाले की रांगेला हाक म्हणून त्या माझा तळ पातेल्याच्या काठावर ठणाठणा आपटत. पाच-सहा ठोके, रोज, नऊ वर्षे! साधी घंटा आणावी, हे एवढ्या शहाण्या माणसांपैकी कोणाच्या डोक्यात आले नाही. हळूहळू तळाला पोचा पडला आणि माझ्या पोटात टेंगूळ उभे राहिले. टेंगूळ वाढले, तशी आतली जागा कमी झाली.

मग म्हणे चमत्कार झाला. तेवढ्याच पातेल्यात आधी चारशे दहा माणसे जेवली, मग साडेचारशे, मग चारशे सत्त्याऐंशी. केंद्राचे चिटणीस हरखून गेले.

"मावशी, तुमच्या हाताला यश आहे हो! त्याच धान्यात सत्त्याऐंशी माणसं जास्त!"

पाहुणे आले, टाळ्या वाजल्या, चुलीमागच्या भिंतीवर मानपत्र लागले. जगात सगळ्यांना पुरेल इतके धान्य पिकते, तरी कोट्यवधी लोक उपाशी झोपतात, असे एक पाहुणे कळवळून म्हणाले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर टांगलेले होते. पातेले तेवढेच असताना जेवणारे वाढले कसे, हा प्रश्न चौथीतल्या मुलालाही पडला असता. त्यांना पडला नाही. त्यांनी ताटे मोजली आणि चहा घेतला.

रांगेत एक धोबीण येई. दिवसभर दवाखान्याच्या चादरी धुई. पाठीला पाच महिन्यांचे अंगावर पिणारे बाळ, हातात डबा. दिवसाचे तिचे धड जेवण तेवढेच. एके दिवशी ती पातेल्यापुढून हललीच नाही.

"मावशी, डबा आधी कडीपर्यंत भरायचा. आता बोटभर खाली राहतो."

"अगं, एक म्हणजे एकच. राणी आली तरी एकच."

"राणी काही येत नाही. तिचं मलाच घाला."

रांग हसली. ती मात्र हसली नाही. "बाळाचं वजन दोन महिने जागचं हललं नाही. मला दूधच पुरेसं येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, आईनं पोटभर खावं. आता काय हे ओगराळं चावू?"

तिने पिशवीतून बाळाची बाटली काढली. वरचे दूध पाजायला दवाखान्याने दिलेली, अडीचशे मिलिलिटरची, बाजूला रेघा असलेली. मावशींनी मला काठोकाठ पाण्याने भरून त्यात ओतले. पाणी दोनशे पाचवर थांबले. त्यांनी पुन्हा ओतले. तिसऱ्यांदा ओतले. दोनशे पाच.

मावशींनी मला उलटे करून तळाचा पोचा चाचपला. "नऊ वर्षं सगळ्यांना सारखं वाढलं म्हणत होते. सारखं कमी वाढत होते की गं."

त्याच संध्याकाळी त्यांनी भांडी दुरुस्त करणाऱ्याकडून माझा पोचा ठोकून काढला. चिटणीस हादरले.

"अहो, पण आता आकडा चारशेवर येणार! संस्था विचारेल, सत्त्याऐंशी माणसं गेली कुठे?"

"जातील कुठे? रांगेतच असतील," मावशी म्हणाल्या आणि मला त्यांच्या हातात दिले. "उद्या तुम्ही वाढा."

दुसऱ्या दिवशी चिटणिसांनी वाढले. चारशेव्या माणसानंतर मी कोरड्या तळावर खरडले. चारशे एकावी होती ती धोबीण. चादरींचा ढीग उपसून यायला तिला उशीर झाला होता.

"संपलं," चिटणीस कसेबसे म्हणाले.

तिने रिकाम्या पातेल्यात पाहिले. "मग संपलं म्हणून लिहा, साहेब. पुरलं म्हणून लिहू नका."

मावशींनी घरून आणलेला आपला डबा तिच्या हातात ठेवला. पण त्यांच्याकडे डबा एकच होता आणि मागे शहाऐंशी माणसे उभी होती. चिटणिसांना त्या प्रत्येकाला तोंडाने सांगावे लागले.

तेव्हा कुठे त्यांनी खरे पत्र लिहिले : चारशे जेवले, सत्त्याऐंशी जणांना पुरले नाही. सहा आठवडे आणि तीन पत्रे गेल्यावर जादा धान्य आले. तेही चाळीस जणांपुरतेच. म्हणून आता दारावरच्या फळ्यावर रोज दोन आकडे लिहितात, जेवलेल्यांचा आणि परतलेल्यांचा. अंगावर पाजणाऱ्या आया रांगेत सर्वांत पुढे उभ्या राहतात, हा मावशींचा हुकूम.

मित्रांनो, अशी केंद्रे हवीतच. ती नसती तर त्या धोबिणीला दोनशे पाचही मिळाले नसते. पण तुम्ही कधी वाढायला उभे राहिलात, तर आधी हातातले भांडे पाण्याने भरून मोजून पाहा. आणि कोणी आकडा सांगितला की टाळ्या वाजवण्यापूर्वी एवढेच विचारा : ताटात किती होते, आणि परत किती जण गेले? आज आमच्या फळ्यावरचा दुसरा आकडा सत्तेचाळीस आहे.