हिरव्या पानाचा कॅन

मित्रांनो, मी आग विझवणाऱ्या फोमचा एक जुना, रिकामा कॅन आहे. माझ्या अंगावर हिरवं पान छापलंय. त्या पानावर विश्वास ठेवणारा माणूस आता नाही, म्हणून त्या सोमवारपासूनच सांगतो.

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मळीपासून स्पिरिट, म्हणजे अल्कोहोलही बनत असे. जोतीराम तिथल्या अग्निशमन पथकाचे जमादार. माझ्याआधीचा फोम आगीला खमका होता, पण त्यात फ्लोरीनचं रसायन होतं. ते कधी नष्ट होत नाही. दर सोमवारी सरावाचा फेस ओढ्यात जाई आणि खाली मेंढरं तेच पाणी पीत. पाटणला विज्ञान शिकवणाऱ्या त्यांच्या लेकीनं, राजेश्वरीनं, हे त्यांना सांगितलं. मग तीन महिने स्टोअरशी भांडून त्यांनी मला मागवलं.

त्या सोमवारी त्यांनी मला पंच्यानं पुसलं आणि लेकीला फोन लावला.

"राजा, आला बग तुजा फोम. हिरवं पान काढलंय. फ्लोरीन न्हाई, असं लिवलंय."

"मग झालं, आबा," ती म्हणाली. तिच्या तासाची घंटा वाजत होती.

पानाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : फक्त पेट्रोल, डिझेलच्या आगीसाठी. ते कुणी वाचलं नाही.

स्पिरिट सरकारी कुलपात असतं, सरावाला थेंबही मिळत नाही. म्हणून अर्ध्या पिंपात डिझेल पेटवलं. मी त्यावर सायीसारखा बसलो.

"आवं जमादार," पंपावरचा ज्ञानू म्हणाला, "आता मेंढरास्नी बी आमंत्रण धाडा."

जोतीराम हसले. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच.

गुरुवारी दुपारी स्पिरिटची टाकी पेटली. मी नळीतून धावलो. पण स्पिरिटनं माझ्यातलं पाणी शोषलं आणि माझा फेस नासलेल्या दुधासारखा फाटला.

"तू हो मागं, रं," जोतीराम ज्ञानूला म्हणाले. "आनखी एक थर बसला की धरंल."

ते आगीतून परत आले नाहीत.

स्पिरिटवर टिकणारा आणि ओढ्यालाही न छळणारा फोम मिळत होता, मित्रांनो. तो कुणी मागितलाच नाही. पुढं कारखान्यानं जुनाच फोम परत आणला. सोमवारी ओढ्यावर पुन्हा फेस तरंगतो, आणि लोक म्हणतात, म्हाताऱ्याला ओढ्याचा पुळका नडला.

मला स्टोअरमागं फेकलं होतं. ज्ञानूनं उचलून मला राजेश्वरीच्या परसात ठेवलं. मला जपा, असं मी म्हणत नाही. फोम निवडताना मात्र दोन गोष्टी विचारा : पेटणार काय, आणि फेस जाणार कुठं? एकच विचारणारा माणूस अर्धाच शहाणा असतो, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत दुसराच कुणी देतो.

वर्षभर राजेश्वरी माझ्याकडं न बघता जायची. काल ती बसली, पदरानं माझ्यावरची धूळ पुसली आणि पानाखालच्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवलं. मग माझ्याशी नव्हे, पण मोठ्यानं म्हणाली,

"आबा, कशावर मारणार, ते मी विचारलंच नाही. नुसतं 'मग झालं' म्हणाले. चूक माझी होती."